मास्तरांची मापवही

चर्चच्या मागच्या दालनात आता एक काचेची पेटी ठेवली आहे. आत लाकडी सांगाड्यावर पांढरा झगा, डाव्या कोपराला ठिगळ, वरून पिवळा दिवा. लोक रांगेने येतात, वाकून ठिगळ बघतात आणि एकमेकांच्या कानात सांगतात, एवढा मोठा माणूस, पण कपड्याला ठिगळ. बायका पदराने डोळे टिपतात. एक गृहस्थ माझ्यासमोर काचेला ओठ टेकवून गेला. साफसफाईवाल्या बाईने त्यावर ओला फडका फिरवला आणि पुढचा वाकला. खोटं कशाला सांगू, मी बाहेर येऊन गटाराशी थुंकले.

बिशप जाऊन तीन वर्षं झाली. त्यांना संत करायचं घाटत आहे. त्यासाठी जाड गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक छापलंय, मुखपृष्ठावर तेच कोपर. आत लिहिलंय की त्यांनी सव्वीस वर्षांत स्वतःसाठी फक्त दोन झगे शिवले. ही गोष्ट खरी आहे. मला ती खरी आहे हे माहीत आहे, कारण ज्या वहीतून पुस्तकवाल्यांनी ती दुकानात बसून उतरवून घेतली ती वही मी हातात धरली आहे. त्या वहीत आणखीही बरंच काही होतं. ते पुस्तकवाल्यांनी घेतलं नाही. म्हणून मी लिहिते आहे.

ठिगळ लावलं आमच्या टेलरमास्तरांनी. चर्चच्या मालकीच्या इमारतीत, खालच्या ओळीत त्यांचं दुकान. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा आणि दोन जिने वर राहायची खोली. माणूस काटकुळा, ओठांत कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या की लग्नाच्या दिवशीही यांनी तोंडातून टाचण्या काढल्या की नाही याची मला शंकाच आहे.

मास्तर शिकले त्यांच्या मामाकडे. काज वाकडं आलं की मामा लाकडी पट्टीने बोटांवर मारायचा. त्याने दोन गोष्टी भाच्याच्या अंगात पार भिनवल्या. काज हाताने करायचं, मशीनला विचारायचंही नाही. आणि गिऱ्हाइकाचं माप वहीत उतरवायचं, बटणं किती तेसुद्धा, आणि गिऱ्हाइकाने चिठ्ठी पाठवली असेल तर त्याच पानाला टाचणीने लावून ठेवायची. उद्या गिऱ्हाईक म्हणतं, मी असं सांगितलंच नव्हतं. मग वही उघडून दाखवायची. मामाला बिचाऱ्याला काय कल्पना, की असं म्हणणारं गिऱ्हाईक एक दिवस कोण निघेल.

बिशप पहिल्यांदा दुकानात आले ते फाटलेलं कोपर घेऊन. स्वतः चालत आले, झगा काढून दिला आणि आतल्या बनियनवर स्टुलावर बसून राहिले. मास्तरांनी नवा शिवून देतो म्हटलं, तर म्हणाले, एवढंसं तर फाटलंय. मास्तरांनी उरलेल्या कापडातला आपला तुकडा काढला आणि असं ठिगळ बसवलं की शोधावं लागेल. पैसे घेतले नाहीत. तेवढ्या वेळात बिशपांना कळलं की मास्तरांची आई वर आजारी आहे. दोन जिने चढून गेले, म्हातारीचा हात धरून तासभर बसले. ती चौथ्या दिवशी गेली, पण त्या तासाचं बोलत गेली. हेही खरं आहे. मी कुणाची बाजू कमी करून सांगत नाही, मला त्याची गरजच नाही. त्या दिवसापासून मास्तर बिशपांचे झाले ते झाले.

बिशपांची एक पद्धत होती. एखाद्या फादरची बदली झाली की नव्या चर्चला जाताना त्याला आपल्याकडून एक नवा झगा द्यायचा. शिवायचा मास्तरांनी. कॉलरच्या आत छोटं कापडी लेबल, त्यावर नव्या चर्चचं नाव, म्हणजे वर्षाच्या सभेला चाळीस फादर जमले की धुलाईत कपड्यांची अदलाबदल होत नाही. ऑर्डर बिशपांच्या हातची चिठ्ठी. कुणाचा झगा, लेबलवर काय लिहायचं, खाली सही. फादरची बदली सहा-सात वर्षांनी व्हायची, त्यामुळे एका फादरची वहीत फार तर तीन-चार पानं.

एक जण सोडून. त्यांना सगळे गाणारे फादर म्हणायचे. जातील तिथे मुलांना गाणं शिकवायचे, आवाज गोड, माणूस ताडमाड उंच. त्यांची वहीत अकरा वर्षांत सात पानं होती. छाती तीच, उंची तीच, कंबर चौतीसवरून एक्केचाळीसवर गेलेली. आणि सातही चिठ्ठ्यांवर सहीच्या वर दोन शब्द जास्तीचे. घाई आहे. दुसऱ्या कुणाच्याही चिठ्ठीवर ते नव्हते.

मास्तरांना यात काही वावगं दिसलं नाही. उलट कौतुक वाटलं. एकदा माप घेताना, टेप त्या माणसाच्या कमरेभोवती असताना, ते म्हणाले होते, फादर, तुम्हाला तर सगळीकडून मागणी आहे. त्यावर गाणारे फादर खूप हसले होते. हे वाक्य मास्तर पुढे विसरू शकले नाहीत. मलाही ते कुणाला विसरू द्यायचं नाहीये.

दुकानाला लागून, पत्र्याखाली, एक बाई इस्त्रीचं टेबल लावते. नवरा नाही, आईबरोबर खाणीच्या गावाहून लहानपणीच शहरात आली. कामाला चोख. मास्तरांचे शर्ट, विजारी, शाळेचे गणवेश, सगळं शिवून झालं की तिच्याकडे. फक्त झगे ती घेत नसे. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पांढऱ्यावर माझ्या इस्त्रीचा डाग पडतो. शाळेचे पांढरे शर्ट मात्र बगळ्यासारखे करून द्यायची. मास्तर चेष्टा करायचे की हिची इस्त्री फादर लोकांना ओळखते. वहिनी झगे घरी घेऊन जायच्या आणि दोन जिने चढताना बोलायच्या, हिचे नखरे आणि माझ्या हाताला फोड. बाई ऐकायची आणि कोळसे सारखे करत राहायची. वीस वर्षं हे चाललं. वीस वर्षं आम्ही सगळे हसलो, मीसुद्धा.

मग हे पुस्तक निघालं. मी त्या ओळीतल्या भाडेकरूंचे अर्ज लिहिते, नळाचे, गटाराचे, घर खाली करण्याच्या नोटिशीचे, त्यामुळे माझी ये-जा रोजची. एका सकाळी तिच्या टेबलावर कुणीतरी ते पुस्तक ठेवून गेलं होतं. तिने इस्त्री उचलली आणि त्या कोपराच्या फोटोवर ठेवली. गुळगुळीत कागद काळा पडून वळायला लागला, वास सुटला, तरी उचलेना. मी तिचा हात धरला. तेव्हा ती बोलली.

काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना चवीने वाचायचंय त्यांनी दुसरीकडे जावं. ती दहा वर्षांची होती, गाण्याच्या वर्गानंतर तिला थांबवून घेतलं जायचं, आणि हे पावणेदोन वर्षं चाललं, एवढं पुरे. तिच्या आईने कुणाकडून तरी बिशपांना पत्र लिहून घेतलं, स्वतः नेऊन दिलं. बिशपांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाले मी बघतो. पंधरा दिवसांत गाणारे फादर गावातून गेले. आईला वाटलं शिक्षा झाली.

“मी डोळे वर करायचे नाही,” बाई मला म्हणाली. “समोर बटणं असायची. वरून खाली मोजायचे. सतरा. मग पुन्हा वरून.”

सरकारने तेव्हा अशा जुन्या तक्रारींसाठी एक चौकशी अधिकारी नेमला होता. तिच्या सांगण्यावरून मी तक्रार लिहिली, तिने अंगठा नाही, सही केली. महिन्याभरात चर्चकडून उत्तर आलं. सदर फादर सदर गावी कधीही नेमणुकीस नव्हते. त्या काळाचे बदल्यांचे कागद ओल लागून खराब झाले आहेत, त्याबद्दल खेद आहे. खेद आहे म्हणे. ओलीलाही बरोबर तीच कपाटं सापडतात. गावातली म्हातारी माणसं खाण बंद पडल्यावर पांगली होती, काही मेली. आई गेलेली. अधिकारी सज्जन होता, पण म्हणाला, ते त्या गावात होते याचा एक तरी कागद आणा, नाहीतर मला फाईल बंद करावी लागेल. दीड महिना दिला.

मी सरळ मास्तरांकडे गेले. वही मागितली. मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढल्या, एकेक करून उशीत खोचल्या आणि मला नाही म्हणाले. वही गिऱ्हाइकांची आहे, म्हणाले. बिशप माझ्या आईजवळ बसले होते, म्हणाले. इस्त्रीबाईला काही गैरसमज झाला असेल, लहान होती. माझं डोकं फिरलं. मी त्यांना नको ते बोलले, त्यांच्या आईवरूनही बोलले, आणि दारातून जाता जाता म्हणाले की तिने त्या झग्याची सतरा बटणं मोजली आहेत, तुम्ही बसा तुमची काजं करत.

“सोळा असतात,” मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, ती सतरा म्हणते.

“झग्याला सोळाच. मी आयुष्यभर सोळाच लावली.”

आणि मग ते थांबले. वहिनी जिन्याच्या पायरीवर भाजी निवडत होत्या, त्यांनी नंतर मला सांगितलं की यांचा चेहरा असा झाला, जसं कुणी गळ्याला टेप लावून ओढली. मास्तर मागच्या फळीवरून वह्यांचा गठ्ठा काढायला चढले. कापलेल्या कापडावर वह्या पसरल्या. त्यांतल्या झग्यांच्या वहीत त्या माणसाची सात पानं काढली. पहिल्या पानाच्या तळाला त्यांच्याच बारीक अक्षरात होतं, उंची फार, खाली एक बटण जादा, सतरा. पुढच्या सहाही पानांवर, सतरा. अख्ख्या कारकिर्दीत दुसऱ्या कुणालाही त्यांनी सतरा लावली नव्हती. तिसऱ्या पानाच्या चिठ्ठीवर लेबलासाठी खाणीच्या गावच्या चर्चचं नाव, बिशपांची सही, वर घाई आहे. चौथं पान त्यानंतर एकवीस महिन्यांनी. पुन्हा घाई आहे. नदीपलीकडचं चर्च. तिथेही मुलं होती, गाणं शिकायला.

वहिनींनी विचारलं, अहो, काय झालं. मास्तर म्हणाले, ते सतरावं काज मीच केलंय. बास.

तरी वही त्यांनी मला दिली नाही. मी रोज जायचे, ते रोज मान हलवायचे. दिवस जात होते आणि मी चिडत होते. त्यात बिशपांच्या कचेरीतले चिटणीस फादर दुकानात आले. तरुण, तेल लावलेल्या जिभेचा. संतपदाच्या चौकशीत मास्तरांनी साक्ष द्यावी, म्हणाले. बिशपांचा साधेपणा तुमच्याइतका कुणाला ठाऊक? वही घेऊन या, आमच्याकडेच ठेवू, ओल लागणार नाही, काचेत शोभेल. मग दुकानभर नजर फिरवून म्हणाले की भाडेपट्टा येत्या वर्षी संपतोय ना, त्याचंही बोलून टाकू.

ते गेल्यावर वहिनींनी भाजीचं ताट खाली ठेवलं. आयुष्यभर त्यांनी नवऱ्याची टर उडवली, पण त्या दिवशी आवाजात थट्टा नव्हती.

“अहो, वीस वर्षं ते झगे मी इस्त्री केले. तिला नखरेल म्हणत. आता तुम्ही वही देऊन या त्यांना, आणि मग वर येऊ नका, इथेच कापडावर झोपा.”

मास्तर म्हणाले, साक्षीला जातो. मी म्हटलं, संपलं, हा माणूस विकला गेला. मी माणसं ओळखते असा माझा फार तोरा आहे. तेव्हा चुकले.

साक्ष बिशपांच्या बंगल्यात, दुपारी तीनला. मास्तर मला म्हणाले, बाहेर बस, दार उघडं ठेवायला सांगतो, मला कोंडल्यासारखं होतं. दाराला वीट लावली. मी बाकावर. आत लांब टेबलामागे तिघे, मधे बाहेरगावचे एक म्हातारे फादर, एका बाजूला चिटणीस, दुसऱ्या बाजूला लिहिणारे. मास्तरांकडून शपथ घेतली की खरं सांगेन, आणि जे माहीत आहे ते लपवणार नाही. शपथ त्यांनीच घातली, हे लक्षात ठेवा.

मास्तरांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. बिशप, झगा एक, साल अमुक. ठिगळ एक, डावं कोपर, कापड दुकानातलं. झगा दुसरा, चौदा वर्षांनी. चिटणीस मान डोलवत होते, लिहिणारे भराभर लिहीत होते, म्हाताऱ्या फादरांनी डोळे मिटले होते. मास्तरांनी पान उलटलं आणि त्याच आवाजात, जरासुद्धा न बदलता, पुढे वाचलं. गाणारे फादर, पहिला झगा, छाती इतकी, कंबर चौतीस, बटणं सतरा, लेबल अमुक, चिठ्ठीवर घाई आहे. दुसरा झगा, दीड वर्षांनी, कंबर पस्तीस, लेबल अमुक, घाई आहे. तिसरा.

लिहिणाऱ्यांची पेन्सिल थांबली. चिटणीस म्हणाले की मास्तर, आपल्याला फक्त बिशपांच्या कपड्यांबद्दल हवंय. मास्तरांनी वहीवरून नजर उचलली नाही.

“हे सगळं त्यांच्याच चिठ्ठीवर शिवलंय, फादर. त्यांच्या अंगाला दोन लागले. या माणसाला त्यांनी सात दिले.”

आणि तिसरा वाचला. खाणीच्या गावाचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. चिटणीस म्हणाले, हे लिहू नका. मास्तर सातव्यापर्यंत थांबले नाहीत. म्हाताऱ्या फादरांनी डोळे उघडले होते आणि ते टेबलाकडे बघत होते. ते काहीच बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याची मला चिटणिसांच्या गोड बोलण्यापेक्षा जास्त किळस आली. निदान एकाने तरी तोंड उघडायचं होतं. बिशपही असेच गप्प बसत असतील, हातात पेन घेऊन, घाई आहे लिहिण्याआधी.

स्वतःला ठिगळ आणि त्या माणसाच्या अंगावर दर वेळी नवं कोरं कापड. दर नव्या गावात तो माणूस स्वच्छ दिसावा म्हणून. साधेपणा म्हणतात त्याला. मी त्याला काय म्हणते ते छापण्याजोगं नाही.

चिटणिसांनी वही ठेवून जा म्हटलं. हात पुढे केला, तोही पान धरायला, वही नव्हे. मास्तरांनी वही छातीशी धरली. पान अर्धं दुमडलं, चुरगळलं, पण सुटलं नाही. मास्तर उठले, खुर्ची टेबलाखाली सारली, जशी दुकानात सारतात, आणि बाहेर आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भरभर चालत पत्र्याखाली गेले आणि वही इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

“मी माप घेतलं,” बाईला म्हणाले. “विचारलं काहीच नाही.”

बाईने पान उघडलं. बोट फिरवत सतरावर थांबली. मला वाटलं आता रडेल, किंवा त्यांना क्षमा वगैरे करेल. तसलं काही झालं नाही. तिने विचारलं की चौथ्या पानावरचं नदीपलीकडचं गाव कुठे आलं, तिथे कुणी राहिलं असेल का अजून. मग चुरगळलेल्या पानावर कोरा कपडा घातला, इस्त्री जराशी निवू दिली आणि पान सपाट करून दिलं. चौकशी अधिकाऱ्याला दुमडलेला कागद चालत नाही, मीच तिला सांगितलं होतं.

फाईल बंद झाली नाही. अधिकाऱ्याने लिहिलं की फादर त्या गावी होते आणि चर्चचं उत्तर खोटं आहे. नदीपलीकडच्या गावातून दोघी आल्या, एक पुरुषही आला. गाणारे फादर जिवंत आहेत, चर्चच्या वृद्धाश्रमात, बागेत फुलांना पाणी घालतात. आता त्यांना पोलिसांसमोर बसावं लागलं. मास्तरांना दुकान खाली करायची नोटीस मिळाली. त्याचं उत्तर मी लिहिलंय, लढू. तोवर दुकानाला चर्चचं कुलूप, म्हणून मशीन इस्त्रीच्या टेबलाशेजारी पत्र्याखाली आहे. झगे शिवणं त्यांनी बंद केलं. वहिनी इस्त्रीबाईला रोज दुपारी जेवायला वर बोलावतात. ती कधी जाते, कधी नाही.

संतपदाचं काम मात्र चालू आहे. चर्चचं म्हणणं की वही शिवणकामाची आहे, तिचा बिशपांच्या पुण्याईशी संबंध नाही. ठिगळापुरता संबंध होता, पुढच्या पानापासून सुटला.

गेल्या महिन्यात मास्तर माझ्याबरोबर ती काचेची पेटी बघायला आले. रांगेत उभे राहिले, वाकले, बराच वेळ ठिगळ बघत राहिले. मागच्याने ढोसलं तरी हलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, टाके माझे आहेत, उसवायला पाहिजेत. मी म्हटलं, कापडही तुमचंच आहे, पैसे घेतले नव्हते. मास्तर माझ्याकडे बघायला लागले. आम्ही तिथेच भिंतीवर कागद ठेवून अर्ज लिहिला. विषय, माझ्या मालकीचे ठिगळ परत मिळणेबाबत. खाली मास्तरांची सही. साक्षीदार म्हणून इस्त्रीबाईची.

कचेरीत कारकुनाने अर्ज दोनदा वाचला आणि घ्यायला कां-कूं करू लागला. मी काउंटरवर कोपर टेकवून उभी राहिले. शेवटी त्याने आवक शिक्का मारला. उत्तर अजून नाही. दर सोमवारी आम्ही तिघं विचारायला जातो, मास्तर कात्री खिशात घेऊन येतात.